जबडा मोडला की नुसता सुजला?

दिवेआगरच्या वाडीत गडग्यावर हनुवटी आपटली किंवा बोर्ली पंचतनच्या रस्त्यावर दुचाकी घसरून तोंडाला मार बसला, की घरचे दोनपैकी एक टोक गाठतात: सूज उतरेपर्यंत थांबतात, नाही तर सीटी स्कॅनसाठी रातोरात माणगाव-पनवेलचा रस्ता धरतात. दोन्ही चूक, कारण सीटी कुणाला लागेल हे बहुतेक वेळा यंत्राशिवाय ठरते. दात नेहमीसारखे जुळतात का, खालचा ओठ बधिर झालाय का, दोन दातांमध्ये पायरी पडलीय का, जिभेखाली रक्त साकळलंय का, हे पाहायला वीजही लागत नाही. डॉक्टर घसा तपासायची लाकडी पट्टी दाढांत धरायला लावून पिळतात. दोन्ही बाजूंना ती मोडेपर्यंत दातांची पकड सुटली नाही, तर जबडा मोडलेला असण्याची शक्यता फार कमी. केवळ तोंड किती उघडते यावर मात्र श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या या पट्ट्यात भिस्त ठेवू नये. वर्षानुवर्षे सुपारी चघळणाऱ्याचे तोंड आतून ताठरून अपघाताआधीच आखडलेले असू शकते.

या तपासणीत खोट दिसली, तर मात्र साध्या एक्स-रेवर समाधान मानू नये. खालचा जबडा बांगडीसारखा वागतो, एका जागी तडकला की दुसरीकडेही चीर शोधावी लागते. हनुवटीवरचा मार अनेकदा कानापुढच्या सांध्याशी हाड मोडतो, आणि आत कललेला तो तुकडा साध्या चित्रात सहज निसटतो. सगळा जबडा एका पट्टीत दाखवणारा ओपीजी स्वस्त आणि उपयोगी खरा, पण त्यासाठी रुग्णाला ताठ बसावे लागते आणि हनुवटीवर मानेच्या मणक्यांची सावली पडते. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरलेले सीटी आज मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ काप घेते. तुकडा किती आणि कुठे सरकला हे त्यातच कळते.

सीटीच्या किरणांबद्दल घेतला जाणारा आक्षेप खरा आहे. सीटीचा डोस ओपीजीच्या अनेक पट असतो, तरी साधारण काही महिन्यांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढाच. मुलांमध्ये सांध्याचा अस्थिभंग नजरेतून सुटला तर जबडा जखडू शकतो आणि चेहऱ्याची वाढ वाकडी होऊ शकते. तिथे कमी डोसचा सीटी मला रास्त वाटतो. उलट दाताचे मूळ तडकले असेल तर दातांचा छोटा एक्स-रे सरस, कारण धातूच्या भरावामुळे सीटीत रेघोट्या उमटतात. राहिला रात्रीच्या प्रवासाचा प्रश्न. श्वास अडणे, न थांबणारा रक्तस्राव, शुद्ध हरपणे, मान दुखणे यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करायचाच. नसेल तर डॉक्टरांनी पाहिल्यावर सकाळी निघाले तरी सहसा बिघडत नाही. मात्र डोक्याचा सीटी होणार असेल तर चेहराही हनुवटीच्या टोकापर्यंत घ्यायला आधीच सांगावे. नेहमीचा डोक्याचा सीटी खालच्या जबड्याच्या वरच थांबतो, आणि ‘स्कॅन नॉर्मल’ म्हणून घरी आलेल्या माणसाचा जबडा त्यात पूर्ण आलेलाच नसतो.