दोनशे नव्व्याण्णववी पॉला

मुलांनो, शर्यतीत तुमचा नंबर २९९ वा आला तर? घरी सांगाल का?

इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफचा १९८६ साली मुलींच्या क्रॉस कंट्रीत तोच नंबर आला होता. क्रॉस कंट्री म्हणजे गुळगुळीत ट्रॅक नव्हे बरं का. चिखल, ओलं गवत, चढउतार! पुढच्याच वर्षी ती चौथी आली. चौदाव्या वर्षी दमा असल्याचं कळलं, तरी तिचं पळणं सुटलं नाही.

१९९२ साली अमेरिकेत बोस्टनला, बर्फ पडलेल्या मैदानावर, ती ज्युनिअर जगज्जेती झाली. दुसरी कोण? चीनची वांग जुनशिया, जिने पुढच्याच वर्षी १०,००० मीटरचा विश्वविक्रम केला!

मोठ्यांच्या गटात मात्र पॉलाला पहिलं यायला २००१ साल उजाडलं. नऊ वर्षं! आमच्या वर्गातले धावपटू नऊ दिवसांतच बूट काढून ठेवतात.