एक निब, दोन पेहराव

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या खोलीत एखादे नवे पेन आले, की ते फार वेळ एका हातात राहत नाही. मधल्या सुट्टीत ते टेबलाभोवती फिरते. प्रत्येक जण टोपण काढून निब उजेडात धरतो, रद्दी कागदावर आधी एक आडवी रेघ ओढतो, मग ‘श्री’ काढतो, मग स्वतःची सही करतो आणि आपला निर्णय जाहीर करतो. पेन पायलट या जपानी कंपनीचे ‘काकुनो’ असेल, तर मात्र तो निर्णय एकमताने होण्याची आशा बाळगू नये.

‘काकु’ हे ‘लिहिणे’ या अर्थाचे जपानी क्रियापद आहे, आणि त्याच्याशी नाते सांगणारे हे पेन 2013 साली मुख्यतः शाळकरी मुलांसाठी बाजारात आले. त्याचे अंग पेन्सिलीसारखे षट्कोनी आहे, बोटे टेकण्याची जागा तिकोनी आहे, टोपण रंगीत आहे आणि त्याला क्लिप मुळीच नाही. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे निबेवर एक इवलासा हसरा चेहरा कोरलेला आहे. पेन धरताना तो चेहरा आपल्याकडे पाहत असला, की निब सुलटी आहे असे मुलाने ओळखावे, हा त्यामागचा हेतू.

कार्यालयातील कारकुनाला हे रूप पसंत पडत नाही. “हे तं लेकराचं खेळणं वाटते,” असा त्याचा शेरा असतो. चित्रकलेच्या शिक्षकांना नेमके तेच रूप आवडते, कारण कोन, रंग आणि चेहरा यांतील प्रत्येक गोष्ट काही कामासाठी आहे, निव्वळ सजावटीसाठी नाही. “लिहून तं पाहा, भाऊ,” असे म्हणून ते पेन पुढे करतात, आणि मग वाद रूपावरून निबेवर येतो. कोणाला ती लोण्यातून सुरी फिरावी तशी वाटते, कोणाला टोक केलेल्या पेन्सिलीसारखी किंचित रोधक वाटते, तर कोणी ती कागद ओरखडते म्हणून खाली ठेवतो. पेन एकच, शाई एकच, कागदही एकच. तरीही तीन जाणत्या माणसांचे तीन निर्णय व्हावेत, याचा उलगडा करून घेणे अगत्याचे आहे. कारण अखेरीस कोणते पेन मुलाच्या हाती द्यावे, हे याच मंडळींना ठरवावयाचे असते.

या वादातील एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. पायलटचेच ‘एमआर’ नावाचे दुसरे पेन आहे. त्याचे अंग धातूचे, गोल आणि गुळगुळीत असून त्याला खिशात शोभेल अशी क्लिप आहे. कचेरीतल्या माणसाने ते निःसंकोचपणे वापरावे असा त्याचा एकंदर थाट. परंतु काकुनोत बसते तीच पोलादी निब या पेनातही बसते. एकाची निब काढून दुसऱ्यात लावता येते. असे असूनही प्लॅस्टिकच्या पेनाला ‘ओरखडणारे’ म्हणणारा गृहस्थ धातूच्या पेनाने लिहून ‘याला म्हणतात निब!’ असे उद्गारताना आढळतो. यात त्याची सर्वस्वी चूक आहे असेही नाही. धातूच्या अंगाचे वजन जास्त असते, तोल वेगळा पडतो, आणि जड पेन हलक्या हाताने धरले तर ते स्वतःच्या भारानेच कागदावर टेकते. तथापि या भेदाचा काही भाग वजनाचा आणि उरलेला डोळ्यांचा असतो. पेन हाताला कसे लागते याचा अंदाज डोळ्यांनी आधीच बांधलेला असतो, आणि हात पुष्कळदा त्या अंदाजाला मान डोलावतो.

रूपाचा आग्रह केवळ दिखाऊपणाचा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. वऱ्हाडात पेन खिशाला लागले ते सहजासहजी नव्हे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. अशा प्रयत्नांतून बहुजन शेतकऱ्यांची मुले शाळांच्या पायऱ्या चढू लागली. ज्या घरात त्यापूर्वी कागदावर अंगठाच उठत होता, त्या घरातील पहिल्या शिकलेल्या मुलाच्या खिशावर दिसणारी पेनाची क्लिप ही शोभेची वस्तू नव्हती. ती साक्षरतेची सनद होती. क्लिप नसलेले पेन हाती आल्यावर जुन्या कारकुनाला काहीतरी हिरावून घेतल्यासारखे वाटले, तर त्यामागे हा इतिहास आहे.

जपानी पेनांचा इतिहासही या वादाला परका नाही. सेलर ही कंपनी 1911 साली, पायलटची मूळ कंपनी 1918 साली आणि प्लॅटिनम 1919 साली निघाली. पायलटचे एक संस्थापक र्योसुके नामिकी हे व्यापारी नौकानयनाचे शिक्षण देणाऱ्या तोक्योतील संस्थेत अध्यापक होते. ‘पायलट’ हे नावही विमानावरून आलेले नसून जहाजाला बंदरात वाट दाखविणाऱ्या वाटाड्यावरून आले आहे. त्या काळी पेनाचे अंग एबोनाइटचे, म्हणजे कडक केलेल्या रबराचे असे आणि ते कालांतराने फिके पडे. त्यावर उपाय म्हणून जपानी कारागिरांनी आपल्या देशातील पारंपरिक लाखेचा लेप देण्यास सुरुवात केली, आणि पुढे त्याच लेपावर सोन्याच्या पुडीने नक्षी काढलेली पेने घडविली. म्हणजे ज्या कंपनीने हसऱ्या चेहऱ्याची निब काढली, त्याच कंपनीच्या परंपरेत सोनेरी नक्षीची मौल्यवान पेनेही आहेत. साधेपणा आणि डौल यांतील वाद दर्यापुरात उपजला असे समजण्याचे कारण नाही.

आता निबेविषयी. जपानी ‘फाईन’ निब युरोपीय ‘फाईन’हून सामान्यतः बारीक असते, ती तिकडच्या ‘एक्स्ट्रा फाईन’च्या जवळ जाते. याचे कारण लिपीत आहे. जपानी लेखनातील चिनी मूळाच्या अक्षरांमध्ये दहा-पंधरा रेघा एका लहानशा चौकटीत बसवाव्या लागतात. रेघ जाड झाली की मधल्या पोकळ्या बुजतात आणि अक्षराचा काळा ठिपका होतो. बारीक निब ही त्या लिपीची गरज आहे. परंतु टोक जितके बारीक, तितका हाताचा भार थोड्या जागेवर एकवटतो आणि कागदाचा खडबडीतपणा तितकाच बोटांना जाणवतो. रुंद टोक कागदाच्या उंचवट्यांवरून घसरत जाते, बारीक टोक त्यांच्यामधून वाट काढते. याच जाणिवेला एक जण ‘पकड’ म्हणतो आणि दुसरा ‘ओरखडा’.

ही निब देवनागरीच्या घरी येते, तेव्हा दोन संस्कारांची गाठ पडते. आपले अक्षर बोरूवर वाढले. बोरूचे टोक तिरके कापलेले असे, त्यामुळे एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटे. बालबोध अक्षराचे वळण म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, ते बऱ्याच अंशी या तिरक्या कापाचे देणे आहे. मोडी लिहिणारे आधी पानभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरे सोडीत. बोरूमागून टाक आला, टाकामागून फाउंटन पेन आले, आणि प्रत्येक वेळी अक्षर थोडे बदलले. गोल टोकाची पोलादी जपानी निब सर्व दिशांना एकसारखी रेघ देते. ज्याच्या डोळ्यांत बोरूचे किंवा टाकाचे वळण भरलेले आहे, त्याला ते अक्षर सुतासारखे एकसुरी वाटणे स्वाभाविक आहे. उलट ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘लक्ष्मी’ असे शब्द अरुंद ओळीत लिहावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला तीच बारीक रेघ सोयीची पडते. तिच्यामुळे ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे राहतात, जोडाक्षरांची पोटे बुजत नाहीत. दोघांचेही म्हणणे खरे आहे. पहिला अक्षराच्या सौंदर्याविषयी बोलत असतो, दुसरा त्याच्या सुवाच्यतेविषयी.

यात कागदाचाही हिस्सा मोठा आहे. शाळेच्या वह्यांचा कागद पुष्कळदा सैल आणि शोषक असतो. जाड निबेची शाई त्यावर फुटते आणि पाठीमागे उतरते. बारीक निब शाई कमी सोडते, म्हणून साध्या वहीवरही तिचे अक्षर निभते. मात्र त्याच कागदाचे तंतू बारीक टोकाच्या फटीत अडकून रेघ फाटू शकते. दर्यापूरचा परिसर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. क्षारयुक्त पाण्याने पेन धुऊन तसेच वाळविले, तर शाईच्या बारीक वाटेत क्षारांचा थर राहतो आणि चांगली निबही अडखळते. अशा वेळी उकळून गार केलेल्या पाण्याचाही उपयोग नाही, कारण उकळल्याने मीठ जात नाही. ऊर्ध्वपातित पाणी किंवा स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. वैशाखातला उन्हाळा हा आणखी एक परीक्षक. पेन अर्धे रिकामे झाले, की आतली हवा उष्णतेने फुगून शाई बाहेर ढकलते. सबंध अंगात शाई भरावयाच्या जुन्या पेनांनी किती सदऱ्यांचे खिसे निळे केले, याची आठवण जुन्या शिक्षकांना असेल. जपानी पेनांतील शाईची नळी लहान असल्याने हा धोका कमी असतो. पण पायलटची नळी पायलटच्याच पेनात बसते आणि तालुक्याच्या गावी ती दर दुकानी मिळेल असे नाही. रिकामी नळी सुईच्या पिचकारीने पुन्हा भरणे, हा त्यावरील घरगुती तोडगा.

मग हे परदेशी पेन हवेच कशाला, असा प्रश्न येथे उपस्थित होईल, आणि तो अप्रस्तुत नाही. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडविले, आणि 1935 साली गांधीजींनी वर्ध्याहून पत्र पाठवून त्याची वाखाणणी केली, ही गोष्ट विदर्भाला जवळची आहे. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला आणि त्यांच्या ‘कॅमल’ शाईने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या वह्या निळ्या केल्या. त्याच कॅम्लिन कंपनीत 2011 साली जपानच्या कोकुयो कंपनीने बहुसंख्य भागभांडवल घेण्याचे ठरविले, आणि आज तिचे नावही ‘कोकुयो कॅम्लिन’ असे आहे. स्वदेशी आणि जपानी यांची सरमिसळ दप्तरात आधीच झालेली आहे. प्रश्न पेन कोठले हा नसून ते मुलाच्या हाताला आणि अक्षराला काय देते, हा आहे.

खरी चिंतेची बाब तेथेच आहे. आज शाळकरी मुलाचा हात बॉलपेनवर वळलेला असतो. बॉलपेन उभे धरून दाबल्याखेरीज नीट उमटत नाही. फाउंटन पेन कलते धरावे लागते आणि त्याला दाब अजिबात नको असतो. दाबून लिहिणाऱ्या मुलाच्या हाती ही निब दिली, की तो तिला उभी रोवतो. दोन पाती फाकतात, कागद खरवडला जातो आणि ‘पेन वाईट’ असा निकाल लागतो. वास्तविक दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. हलक्या हाताने कागदावर इंग्रजी आठचा आकडा काढावा. सर्व दिशांना सारखीच मंद घासण लागली तर तो बारीक टोकाचा स्वभाव होय. एकाच दिशेला टोचले तर पाती वर-खाली झालेली आहेत आणि ती निब दुरुस्त करावयास हवी. स्वभाव आणि दोष यांत फरक करण्याची ही सवय एकदा लागली, की निम्मे वाद तेथेच मिटतात.

दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका अजूनही हातानेच लिहाव्या लागतात. तीन तास पेन दाबून लिहिणाऱ्या मुलीची बोटे शेवटच्या प्रश्नापर्यंत आखडतात, अक्षर पसरते, आणि येत असलेले उत्तरही परीक्षकाला वाचवत नाही. तिला न दाबता लिहिण्याची सवय लावणे, हा या साऱ्या चर्चेचा एकमेव व्यवहार्य लाभ आहे. ते काम काकुनोने होवो, धातूच्या एमआरने होवो किंवा एखाद्या देशी पेनाने होवो. मात्र केवळ निबेवर हसरा चेहरा आहे म्हणून शिक्षकाने ते पेन वर्गातून परत पाठविले, तर तो न्याय झाला असे म्हणता येणार नाही.

दर्यापूरच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे जन्मगाव. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाने, स्वतः शाळेची पायरी चढलेली नसताना, पोटाला चिमटा घेऊनही मुलांना शिकवा असे गावोगाव सांगितले. पेहरावावरून किंमत करू नये हे ज्या मुलखाने इतक्या जवळून पाहिले, तेथे पेनाच्या बाबतीत तरी तो धडा विसरला जाऊ नये.

कारकुनाने क्लिपचे पेन वापरावे, चित्रकलेच्या शिक्षकांनी रंगीत टोपणाचे कौतुक करावे, मराठीच्या शिक्षकांनी जाड-बारीक वळणासाठी तिरक्या कापाची निब शोधावी. या आवडी सुखाने नांदू शकतात. मुलासाठी पेन निवडताना मात्र त्याला सबंध पानभर लिहू द्यावे. पहिल्या चार ओळींत त्याचे डोळे पेनाकडे असतील. पानाच्या शेवटी ते अक्षराकडे वळले असतील आणि बोटे दुखत नसतील, तर ते पेन त्याचे.