अणुयुद्धानंतरची दिल्ली: भयकथेतला प्राणी खरा कसा वाटेल?

अणुयुद्ध होऊन गेलं आहे, दिल्ली ओस पडली आहे आणि उरल्यासुरल्या माणसांच्या मागे बदललेली जनावरं लागली आहेत. अशी भयकथा लिहावी, असं अनेकांच्या मनात असतं. लिहायला घेतली की ती बहुधा तिसऱ्याच पानावर फसते, कारण स्फोटानंतर आठवड्याभरात दोन डोक्यांचा बिबट्या समोर उभा राहतो. वाचकाचा विश्वास उडाला की भीतीही उडते. म्हणून किरणोत्सर्ग खरोखर काय करतो आणि किती काळाने करतो, हे आधी समजून घेऊ. विज्ञानाची पदवी लागत नाही. दिल्लीचा नकाशा आणि थोडा संयम पुरेसा आहे.

पहिली पायरी: स्फोट हवेत की जमिनीवर?

हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला. अशा स्फोटात आगीचा गोळा जमिनीला टेकत नाही, त्यामुळे आसपास किरणोत्सारी धूळ तुलनेने कमी पडते. बॉम्ब जमिनीवर फुटला, तर प्रचंड माती वर उचलली जाते, किरणोत्सारी होते आणि वाऱ्याबरोबर जाऊन खाली बसते. कथेत वर्षानुवर्षं दूषित राहिलेला प्रदेश हवा असेल, तर स्फोट जमिनीवरचा घ्या. लेखक नेमके इथे घोटाळा करतात: स्फोट हवेतला दाखवतात आणि परिणाम जमिनीवरच्या स्फोटाचे.

दुसरी पायरी: ऋतू आणि वारा

मे महिन्यात दिल्लीत पश्चिमेकडून लू, म्हणजे उष्ण वारा, वाहते. शहरावर स्फोट झाला, तर धूळ नोएडा-गाझियाबादकडे सरकेल. पावसाळ्यात पुरवाई, म्हणजे पूर्वेकडचा वारा, असते. तेव्हा तीच धूळ गुरुग्राम-बहादूरगडच्या दिशेला जाऊ शकते आणि पावसाच्या सरीबरोबर एखाद्याच वस्तीवर उतरू शकते. एक वस्ती वाचली आणि शेजारची संपली, हे कथेत योगायोग म्हणून येऊ देऊ नका. त्यामागे वारा असू द्या.

तिसरी पायरी: लपण्याचे दिवस

धुळीतला किरणोत्सर्ग सुरुवातीला झपाट्याने उतरतो. वेळ सातपट झाला की तीव्रता साधारण दहापट कमी होते. पहिल्या तासाला 1000 धरली, तर 7 तासांनी 100, 49 तासांनी 10 आणि दोन आठवड्यांनी 1. म्हणून पात्रांनी पहिले दोन दिवस तरी जमिनीखालून हलू नये आणि जमलं तर दोन आठवडे काढावेत.

दिल्लीत जमिनीखाली जागा आहेत: चावडी बाजार, हौज खास यांसारखी खोल मेट्रो स्थानकं, करोल बागेच्या आसपासची अभ्यासिकांची तळघरं. आपलं पात्र लातूरहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेला मुलगा असेल, तर त्याला ही तळघरं पाठ असतील. पण वीज गेली की पाणी उपसणारे पंप बंद पडतात. 27 जुलै 2024 रोजी जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. किरणांपासून वाचवणारी जागा पावसाळ्यात जीव घेऊ शकते. हा पेच दिल्लीतला आहे, खरा आहे. तो आदराने वापरा.

चौथी पायरी: न दिसणारा शत्रू

किरणोत्सर्ग हिरवा चमकत नाही. त्याला वास नाही, आवाज नाही. तो कसा असतो, हे दिल्लीने स्वतः पाहिलं आहे. दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षं पडून असलेलं एक किरणोत्सर्गी उपकरण फेब्रुवारी 2010 मध्ये लिलावात भंगारात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. आत कोबाल्ट-60 होतं. कामगारांना ते इतर धातूंसारखंच वाटलं आणि एकाने त्यातला तुकडा चक्क पाकिटात ठेवला. मळमळ झाली, केस गळाले, कातडी काळवंडली. अनेकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि एकाचा जीव गेला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही दुर्घटना सातपैकी चौथ्या पातळीची ठरली.

या प्रसंगातून दोन गोष्टी घ्या. लक्षणं हळूहळू येतात, कधी मध्ये बरं वाटल्यासारखंही होतं. आणि किरणांनी आजारी पडलेला माणूस साथीच्या रोग्यासारखा इतरांना आजार देत नाही. अंगावरची, कपड्यांवरची धूळ झटकून, धुऊन काढली की त्याची सेवा करता येते. पात्रांना हे माहीत नसेल आणि ती आजाऱ्याला बाहेर ढकलतील, तर ते अज्ञान कथेत उघडं पडू द्या.

पाचवी पायरी: पहिलं वर्ष, न बदललेली जनावरं

या टप्प्यावर एकही प्राणी बदललेला नसतो. तरीही भीतीला तोटा नाही. 2007 साली दिल्लीचे उपमहापौर माकडांच्या हल्ल्यात घराच्या वरच्या मजल्यावरून पडून दगावले. त्याच सुमारास न्यायालयाच्या आदेशावरून शहरातली माकडं पकडून असोला भट्टी अभयारण्यात सोडायला सुरुवात झाली. तिथे बिबटेही आहेत. रिज या टेकड्यांच्या रांगेतल्या जंगलात कोल्हे आहेत.

घारींकडे जरा नीट पाहा. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्या थव्यांनी घिरट्या घालतात. जुन्या दिल्लीत मांसाचे तुकडे हवेत उडवून त्यांना खाऊ घालायची रीत आहे. घरट्याजवळ गेलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या मागून झडप घालतात. आता कल्पना करा: कचरा थांबला, मांस उडवणारा हातही उरला नाही. माणसाचा वर केलेला हात म्हणजे अन्न, एवढं मात्र घारीच्या लक्षात आहे. मदतीसाठी हात हलवणाऱ्या पात्राचं काय होईल? इथे उत्परिवर्तनाची गरजच पडत नाही.

सहावी पायरी: विष अन्नात उतरतं

आता वर्षं उलटू द्या. स्ट्रॉन्शियम-90 आणि सीझियम-137 या दोन द्रव्यांचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, तीस वर्षांच्या आसपास आहे. स्ट्रॉन्शियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. सीझियम स्नायूंत जातं. गवतातून नीलगायीत, नीलगायीतून बिबट्यात, दुधातून बाळात. शिकार करावी तर विष खावं लागतं, न करावी तर उपाशी मरावं लागतं. पात्रांची खरी कोंडी इथे आहे.

सातवी पायरी: उत्परिवर्तन

उत्परिवर्तन म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या मजकुरात झालेला बदल. किरणांनी डीएनए तुटला की पेशी मरते, तो नीट सांधते किंवा चुकीचा सांधते. चुकीचा सांधा शरीरातल्या साध्या पेशीत राहिला, तर पुढे कर्करोग होऊ शकतो. प्राण्याचा आकार बदलत नाही. बदल पुढच्या पिढीत जायचा असेल, तर तो बीजपेशीत, म्हणजे शुक्राणूत किंवा अंड्यात, व्हावा लागतो. हर्मन मुलर यांनी 1927 साली फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून हे दाखवलं आणि 1946 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

सर्वांत मोठी चूक इथेच होते: जिवंत प्राणी डोळ्यांदेखत राक्षस होतो. तसं होत नाही. फार विकृत पिल्लं बहुधा जन्माआधी किंवा जन्मताच मरतात. जगतात ते लहान बदल. हिरोशिमा-नागासाकीतल्या वाचलेल्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक विकारांची ठळक वाढ आढळली नाही. 1986 च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर चेर्नोबिलच्या बंदिस्त टापूत पाकोळ्यांच्या पिसांत पांढरे ठिपके दिसले, तिथले झाडबेडूक बाहेरच्यांपेक्षा काळे आढळले आणि माणूस गेल्यामुळे लांडगे वाढले.

आठवी पायरी: प्राणी निवडताना पिढ्या मोजा

बदल पिढ्यांमधून येतो, म्हणून ज्याच्या पिढ्या भराभर होतात तो प्राणी निवडा. उंदीर तीनेक महिन्यांत वयात येतो, म्हणजे तीस वर्षांत शंभरेक पिढ्या होऊ शकतात. माकडीण चारेक वर्षांनी विते. तेवढ्याच काळात सात-आठ पिढ्या. बिबट्याचंही तसंच, फार तर दहा. म्हणजे मेट्रोच्या बोगद्यातला बदललेला उंदीर पटेल, बदललेला बिबट्या ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल.

आकार बेताचाच ठेवा. प्राण्याची लांबी दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पण हाडांच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच होतं, म्हणून हाडं ते वजन पेलत नाहीत. 1954 च्या सिनेमांतल्या राक्षसी मुंग्या आणि गॉडझिला पडद्यावर शोभले. कथेत मांजराएवढी घूस पुरे.

नववी पायरी: बोगद्याबाहेरचं एक स्थळ

बुलंदशहर जिल्ह्यातलं नरोरा अणुविद्युत केंद्र राजधानी क्षेत्रातच येतं. 31 मार्च 1993 रोजी तिथे मोठी आग लागली होती. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. युद्धात अणुभट्टी फुटली, तर बॉम्बपेक्षा जास्त काळ टिकणारं प्रदूषण होतं. शेजारी गंगा वाहते. ब्रजघाट ते नरोरा हा पट्टा 2005 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि त्यात गंगेतली डॉल्फिन राहते. ती जवळजवळ आंधळी असते आणि आवाजाने वाट काढते. रात्री नावेतून पळणाऱ्या माणसांना पाण्यात दबा धरलेलं काहीतरी जाणवावं आणि तो निघावा हा निरुपद्रवी जीव, असा प्रसंग लिहून पाहा.

दहावी पायरी: माणसं काय बोलतात

मे 2001 मध्ये गाझियाबाद आणि पूर्व दिल्लीत ‘काला बंदर’ आल्याची बोंब उठली. उकाड्यात, वीज नसलेल्या रात्री लोक गच्चीवर झोपत. कुणी लोखंडी नखं सांगितली, कुणी डोक्यावर हेल्मेट. पळापळीत गच्चीवरून पडून माणसं मेली. पोलिसांना प्राणी कधीच सापडला नाही. अणुयुद्धानंतर वाचलेल्यांत अशा वावड्या दसपट पसरतील. म्हणून आपला प्राणी आधी माणसांच्या तोंडून येऊ द्या, प्रत्येकाच्या तोंडी वेगळा, आणि प्रत्यक्षात तो या वर्णनांहून साधा निघू द्या.

एवढं झालं की कागदावर काळाचा तक्ता मांडा: पहिला तास, दोन दिवस, दोन आठवडे, एक वर्ष, तीस वर्षं. प्रत्येक प्रसंग त्यातल्या एका घरात बसला पाहिजे. बसत नसेल, तर प्रसंग बदला, विज्ञान वाकवू नका. मग कथा स्पर्धेला पाठवा. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नामवंत शास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती आणि ती तिच्या गुणांवर पहिली आली. नाव मोठं असावं लागत नाही; कथेतली प्रत्येक गोष्ट खरी वाटावी लागते.