दोन मीटर आणि दीड फूट

मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या चष्म्यात दिसणारी आभासी वस्तू जवळ भासो की लांब, डोळ्याच्या भिंगाला नजर सुमारे दोन मीटरवरच लावावी लागते. चष्म्याची प्रकाशरचनाच तशी आहे. चाकणमधल्या एखाद्या लाइनवर बोल्ट आवळणाऱ्या माणसाचं काम मात्र डोळ्यांपासून दीड फुटावर चालतं. त्या बोल्टवर चष्म्यातून हिरवा बाण दाखवला, की बुबुळं दीड फुटाच्या हिशेबानं आत वळतात आणि भिंग दोन मीटरच्या हिशेबानं सैलावतं. काही मिनिटं हे निभावतं, पुढे डोळे जड होतात. प्रणाली बनवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टनंच सल्ला दिला होता, की आभासी वस्तू शक्यतो सव्वा मीटरच्या पलीकडे ठेवा आणि 40 सेंटीमीटरच्या आत येऊ लागली तर ती विरघळून जाऊ द्या. चाळिशी लागलेल्या फिटरचा तर जवळचा चष्मा आधीच नाकावर असतो.

पिंपरी, भोसरी, आकुर्डी, तळवडे, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात मिश्र वास्तव आणायचं म्हटलं, की चर्चा लगेच 'कोणता चष्मा घ्यायचा' इथे येऊन थांबते. माझ्या मते खरा प्रश्न या दोन अंतरांतल्या फरकाचा आहे. त्याचं एक उत्तर एका मराठी अभियंत्यानं पंचवीस वर्षांपूर्वीच शोधायला घेतलं होतं. त्याकडे आपल्या कारखान्यांनी अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही.

त्याआधी थोडा इतिहास. 1968 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पहिला पडदा दाखवला. तो इतका जड होता, की छतापासून टांगावा लागे. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो यांनी 1994 मध्ये एक पट्टी कल्पिली. तिच्या एका टोकाला निव्वळ खरं जग, दुसऱ्या टोकाला निव्वळ आभासी जग आणि मधल्या सगळ्या प्रदेशाला त्यांनी मिश्र वास्तव म्हटलं. पण या कल्पनेला कारखान्यात पाय फुटले ते बोइंगमध्ये. विमानात लागणाऱ्या तारांचे जुडगे तिथे मोठमोठ्या प्लायवूडच्या फळ्यांवर हातानं बांधले जात. प्रत्येक प्रकारच्या जुडग्याला वेगळी फळी आणि कोणती तार कुठल्या खिळ्यावरून वळवायची याची वेगळी यादी. 1990 च्या सुमारास टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी विचार केला, की फळी एकच कोरी ठेवावी आणि तारेची वाट कामगाराला चष्म्यातून दाखवावी. त्यांचा निबंध 1992 मध्ये आला.

वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात ज्यांनी कधी पाऊल ठेवलं आहे त्यांना ही फळी सांगायला नको. गाडीतला हार्नेस, म्हणजे तारांचा असाच जुडगा, आजही मुख्यतः हातानंच बांधला जातो आणि बांधणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं असतात. बोइंगला स्वतःची ती कल्पना शॉपवर नीट चालवायला पुढची दोन दशकं लागली. गूगल ग्लास वापरून तारांच्या कामाचा वेळ 25 टक्के घटल्याचं कंपनीनं जाहीर केलं ते 2010 च्या दशकात. त्या चष्म्यात मात्र तार फळीवर उमटत नव्हती, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर फक्त पुढची पायरी दिसत होती. मूळ स्वप्नातला अवघड भाग बाजूला ठेवला, तेव्हा उरलेला भाग कामाला आला.

अवघड भाग नेमका कोणता, ते हिशेब मांडून पाहावं. कामगारानं मान सेकंदाला 100 अंश या वेगानं वळवली, म्हणजे ट्रेमधून नट घेऊन जॉबकडे सहज पाहिलं इतकंच. तेवढ्यात चष्म्यानं मान ओळखून नवं चित्र काढायला सेकंदाचा पन्नासावा भाग घेतला, तर चित्र दोन अंशांनी मागे राहतं. अर्ध्या मीटरवर दोन अंश म्हणजे पावणेदोन सेंटीमीटर. बाण एका बोल्टवरून शेजारच्या बोल्टवर जायला एवढं पुरतं. म्हणून हे चष्मे मान पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधून चित्र आधीच सरकवून ठेवतात आणि या अंदाजातच त्यांची निम्मी कारागिरी असते.

आपण कुठे आहोत हे चष्मा दोन साधनांनी ओळखतो. कॅमेरे भोवतालच्या कडा, कोपरे, खुणा पाहतात आणि आतले संवेदक हालचाल मोजतात. स्थिर खोलीत दोघांचं एकमत होतं. असेंब्ली लाइन मात्र सरकत असते. कामगार सरकत्या पट्ट्यावर उभा असेल, तर संवेदकाला काहीच जाणवत नाही आणि कॅमेऱ्याला भिंत मागे जाताना दिसते. चष्मा गोंधळतो आणि खोलीशी बांधलेली सूचना गाडीपासून सुटून मागे राहते. त्यासाठी गाडीच्याच अंगावर खूण चिकटवून चित्र तिला बांधावं लागतं. त्यातही नुकत्याच रंगवलेल्या बॉनेटवर छताच्या ट्यूबलाइटांचं प्रतिबिंब हलतं आणि कॅमेरा त्यालाच खूण समजतो. होलोलेन्ससारखा पारदर्शक चष्मा खऱ्या जगावर प्रकाशाची फक्त भर घालू शकतो, काळा रंग त्याला काढता येत नाही. शेडच्या पारदर्शक पत्र्यांतून दुपारचं ऊन आत आलं, की चित्र फिकं पडतं.

होलोलेन्स 2 चं वजन 566 ग्रॅम, सलग वापरात बॅटरी दोन ते तीन तास, आत पंखा नाही. पाळी आठ तासांची आणि एप्रिलमध्ये चाकणचा पत्रा कसा तापतो हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. हातात ग्लोव्ह असतील, तर बोटांचे इशारे ओळखण्यात चूक होते. दुसरा रस्ता व्हिडिओवाल्या चष्म्यांचा. मेटाचा क्वेस्ट 3 किंवा ॲपलचा व्हिजन प्रो डोळे पूर्ण झाकतात आणि बाहेरचं जग कॅमेऱ्यातून पडद्यावर दाखवतात. त्यात काळा रंगही मिळतो आणि चित्र पक्कं दिसतं. पण मध्येच बॅटरी संपली, तर फोर्कलिफ्टच्या वाटेत उभा असलेला माणूस क्षणभर आंधळा होतो. चालत्या शॉपवर हा चष्मा मी कुणाच्याही डोळ्यांवर चढवू देणार नाही.

अमेरिकी लष्करानं होलोलेन्सवर आधारलेली प्रणाली सैनिकांसाठी करून घेतली. 2022 मधल्या चाचणीच्या अहवालात डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांवर ताण अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. त्रास झालेल्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांना तो तीन तासांच्या आतच झाला होता. तरण्याबांड, निवडलेल्या सैनिकांची ही गत. पाळीच्या आठ तासांचं काय, हे विचारायलाच हवं.

आता तो मराठी अभियंता. रमेश रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकत असताना 1998 मध्ये ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स यांच्यासोबत त्यांनी वेगळाच मुद्दा मांडला. माणसाच्या डोक्यावर यंत्र कशाला, चित्र थेट वस्तूवरच पाडावं. 2001 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या रंगाच्या ताजमहालाच्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरांनी संगमरवराचा पोत, ऊन आणि सावल्या अशा पाडल्या, की कोरं मॉडेल जिवंत झालं. ऑलिव्हर बिंबर यांच्याबरोबर या विषयावरचं त्यांचं पुस्तक 2005 मध्ये आलं. पुढे रासकर एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले आणि 2016 मध्ये त्यांना लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळालं. लोक त्यांना ओळखतात ते प्रकाशाचा प्रवास टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे, पण कारखान्याच्या दृष्टीनं मला त्यांचं हे आधीचं काम अधिक मोलाचं वाटतं.

कारण जॉबवर पडलेला प्रकाश जॉबवरच असतो. बुबुळं आणि भिंग दोघांनाही तो दीड फुटावरच सापडतो. मान वळवली तरी बाण जागचा हलत नाही, कारण तो कुणाच्या डोक्याला बांधलेलाच नाही. शेजारी उभ्या सुपरवायझरला आणि शिकाऊ मुलालाही तेच दिसतं. पाळी बदलली तरी घामेजलेला पट्टा दुसऱ्याच्या कपाळावर चढत नाही.

अर्थात ताजमहालाचं मॉडेल पांढरं होतं आणि आपलं कास्टिंग काळं, तेलकट असतं. काळा पृष्ठभाग प्रकाश गिळतो, मशिनिंग केलेला पृष्ठभाग तो भलतीकडे फेकतो. कामगाराचा हात मध्ये आला, की सावली पडते. म्हणून दोन कोनांतून दोन प्रोजेक्टर लावावे लागतात आणि त्यांची चित्रं एकमेकांवर बिनचूक बसवावी लागतात. कंपनं होणाऱ्या शेडमध्ये ही जुळणी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. काम कुठल्या पद्धतीचं आहे तेही पाहावं लागेल. एका टेबलावर बसून गिअरबॉक्स जुळवायचा असेल किंवा हार्नेस बांधायचा असेल, तर प्रोजेक्टर उत्तम. गाडीच्या पोटाखाली शिरायचं असेल, तर निरुपयोगी.

नवं यंत्र इथल्या लाइनवर कसं रुजतं याचा धडा याच पट्ट्यात आहे. बजाज ऑटोनं 2010 पासून माणसाच्या शेजारी काम करणारे छोटे सहयोगी रोबॉट लावायला सुरुवात केली आणि पुढे त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. दुचाकीची लाइन आटोपशीर असते, तिथे मोठ्या रोबॉटला आणि त्याच्या पिंजऱ्याला जागा नसते. हा छोटा रोबॉट जागा कमी घेतो, सहज हलवता येतो आणि शेजारच्या माणसाच्या अंगावरचं जड, कंटाळवाणं काम उचलतो. लाइनला त्याच्यासाठी बदलावं लागलं नाही म्हणून तो टिकला. डोक्यावरच्या चष्म्यासाठी माणसाला बदलावं लागतं.

मग चष्मा टाकून द्यायचा का? नाही. पाळीभर न लागणाऱ्या कामांसाठी तो फार मोलाचा आहे. परदेशी बनावटीचं मशीन रात्री बंद पडलं आणि तज्ज्ञ जर्मनीत असला, तर मेंटेनन्सवाल्याच्या डोळ्यांसमोर जे आहे ते त्याला तिथून दिसतं आणि तो नेमक्या व्हॉल्व्हवर खूण करून दाखवू शकतो. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं असतं.

दुसरं क्षेत्र शिक्षणाचं. वेल्डिंग शिकणारा मुलगा पत्रे, इलेक्ट्रोड आणि गॅस जाळत शिकतो. संस्थेकडे साहित्य बेताचं असतं, म्हणून त्याच्या वाट्याला सराव कमी येतो. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या रिचर्ड स्टोन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दोन गट तपासले. एकानं पूर्ण काळ खऱ्या बूथमध्ये सराव केला, दुसऱ्यानं निम्मा काळ आभासी बूथमध्ये. दुसऱ्या गटाला प्रमाणपत्रं जास्त मिळाली आणि साहित्यही वाचलं. पिंपरीत मोरवाडीला महापालिकेची स्वतःची आयटीआय आहे. तिथल्या मुलांना असा निम्मा-निम्मा सराव मिळायला हवा. यंत्रासाठी परदेशाकडे पाहायचीही गरज नाही. ठाण्यात पंकज राऊत, अभिजित पाटील आणि अभिषेक तोमर यांनी उभी केलेली अज्नालेन्स ही कंपनी स्वतः मिश्र वास्तवाचे चष्मे आणि वेल्डिंग, पेंटिंग शिकवणाऱ्या प्रणाली बनवते.

स्वतःचं यंत्र असण्याचं महत्त्व 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नव्यानं कळलं. मायक्रोसॉफ्टनं होलोलेन्स 2 चं उत्पादन थांबवलं आणि त्याचा वारसही आणला नाही. ज्यांनी आपल्या कामाच्या सूचना त्याच एका चष्म्यात बंदिस्त केल्या होत्या, त्यांच्यापुढे त्या दुसरीकडे नेण्याचं काम येऊन पडलं. सूचना साध्या, खुल्या स्वरूपात ठेवाव्यात आणि दाखवणारं यंत्र बदलता येईल असं असावं, हे कंत्राटातच लिहून घ्यायला हवं.

सूचनांचं मूळ भांडार म्हणजे कॅड, अर्थात संगणकावरचे आराखडे. इथे पुण्याची बाजू भक्कम आहे. टाटा टेक्नॉलॉजीज हिंजवडीत आहे, पीटीसी आणि दासो यांची मोठी केंद्रं शहरात आहेत. इंडिका ही मोटार बनवण्यासाठी टाटांनी ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद कारखाना सुटा करून पिंपरीत आणून उभा केला होता. आता मात्र लाइनचा पहिला बोल्ट बसण्याआधी ती संगणकात फिरून पाहता येते. पण अख्ख्या इंजिनाच्या कॅड मॉडेलमध्ये लक्षावधी त्रिकोण असतात, चष्म्याला ते पेलत नाहीत. ते छाटताना बोल्टचा आटा गेला तरी चालतो, तो कुठल्या भोकात जातो ती कड जाऊन चालत नाही. काय ठेवायचं हे संगणकापुढच्या मुलाला एकट्याला ठरवता येत नाही. ते लाइनवरच्या सेटरला विचारावं लागतं.

त्याच सेटरकडे चष्म्याचा कॅमेराही पाहत असतो. त्याचे हात किती वेळ थांबले, नजर कुठे गेली, सगळं नोंदलं जातं. कंत्राटावरच्या कामगाराला 'हे नको' म्हणणं जड जातं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची भाषा संमतीची आहे, पण नोकरीच्या बाबतीत मालकाला बरीच मोकळीकही आहे. म्हणून कोणती नोंद ठेवायची, किती दिवस, आणि ती पगारवाढीच्या कागदाला जोडायची नाही, हे युनियन आणि व्यवस्थापन यांनी प्रणाली बसवण्याआधीच ठरवावं. अनुभवी माणसाचं कसब टिपून त्यावरून शिकवणी तयार होणार असेल, तर त्याला त्याचा मोबदलाही मिळावा.

भोसरीतल्या दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपला यातलं काहीच एकट्यानं परवडणार नाही. चिंचवडचं ऑटो क्लस्टर मुळात अशाच लहान उद्योगांना महागडी यंत्रं मिळून वापरता यावीत म्हणून उभं राहिलं. पुण्यात केंद्र सरकारच्या समर्थ उद्योग योजनेखालचं, उद्योगांना डिजिटल तंत्रज्ञान दाखवणारं सीफोरआयफोर केंद्र आहे. या दोघांनी मिळून एक हार्नेसचं टेबल, एक गिअरबॉक्सचं टेबल, वर दोन-दोन प्रोजेक्टर, एवढ्यापासून सुरुवात करावी आणि लघुउद्योजकांनी आपला जॉब आणि आपला कामगार घेऊन तिथे यावं.

आणि भाषा. होलोलेन्स 2 ला आवाजी आज्ञा देता येत, पण त्यांत मराठीही नव्हती आणि हिंदीही नव्हती. या पट्ट्यात लातूर-नांदेडचा, बुलढाण्याचा, बिहारचा माणूस एकाच लाइनवर उभा असतो. पंचिंगच्या आवाजात, मास्कच्या आतून, तो 'झालं', 'पुढं', 'थांब', 'रिवर्क' असं ओरडेल ते ओळखणारी प्रणाली हवी. त्यासाठी हे आवाज त्याच शेडमध्ये, मशीन चालू असताना आणि त्या त्या माणसाला विचारून रेकॉर्ड करावे लागतील. त्यात मदत करायला पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था 1988 पासून आहे आणि भारतीय भाषांसाठीचं काम तिथे जुनं आहे.