नवा गडी टिकत का नाही?



कोल्हापूरजवळच्या शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला गेलात, तर कारखान्यांच्या फाटकांवर ‘हेल्पर पाहिजेत’ अशा पाट्या दिसतील. आणि तिथून भुदरगड, राधानगरीकडच्या एखाद्या गावी जाऊन संध्याकाळी पारावर बसलात, तर “पोरगं बारावी झालंय, कुठं चिकटवा की,” असे म्हणणारे बापही भेटतील. कारखान्याला माणूस हवा, माणसाला काम हवे. मग अडते कुठे? आज आपण याचाच विचार करू.

आधी कारखानदाराचे गाऱ्हाणे ऐकू. कोल्हापुरात फौंड्रीचा धंदा मोठा. मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे बिडाचे भाग इथे ओततात. वाळूचा साचा करायचा, त्यात सुमारे १४०० अंशांवर तापलेला रस ओतायचा, तो निवला की साचा फोडायचा आणि कडेचे जादा लोखंड घासून काढायचे. ही कामे साखळीसारखी एकमेकांत गुंतलेली. साच्यावरचा एक गडी न सांगता घरी राहिला, की साचे कमी पडतात. भट्टीत रस तयार असतो. तो तापता ठेवायला वीज जळत राहते. म्हणून कारखानदार म्हणतो, “मला फार हुशार माणूस नको, रोज वेळेवर येणारा द्या.” पण नवा गडी येतो, आठ-पंधरा दिवस काढतो आणि दिसेनासा होतो. मग ठेकेदारामार्फत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची माणसे आणावी लागतात. ती कष्टाळू खरी. पण २०२० साली टाळेबंदी झाली आणि त्यांतली पुष्कळ माणसे आपापल्या मुलखाला परतली. कारखाने पुन्हा सुरू करायची वेळ आली, तेव्हा हात कमी पडले. जवळच्या गावातला माणूस तयार केलेला नसला, की काय होते ते त्या वेळी दिसले.

आता दुसरी बाजू पाहू. समजा, एखादा मुलगा पहाटे उठून एस. टी. धरतो आणि कारखान्यात येतो. पहिल्याच दिवशी त्याच्या हाती फावडे देतात आणि वाळूपाशी उभा करतात. ही वाळू कशाची, ओल किती हवी, ती कमीजास्त झाली तर ओतकाम का बिघडते, हे कोणी सांगत नाही. मिस्त्रीला मान वर करायला सवड नसते. चुकले की शिवी मात्र मिळते. पगार ठेकेदाराच्या हातून. खोली आणि खानावळ यांचे पैसे वजा जाता उरते थोडे. रात्रपाळी सुटते तेव्हा गावाकडची गाडी नसते. तशात ऊसतोड सुरू होते, घरून निरोप येतो, आणि गडी जातो तो जातोच. कारखानदार म्हणतो, “पोरं आळशी झाली.” पोरगा म्हणतो, “तिथं माणसाला किंमत नाही.” टाळी काही एका हाताने वाजत नाही, मंडळी!

शेतकऱ्याला एक गोष्ट सांगायला नको. नवा खोंड आपण एकदम एकटा नांगराला जुंपतो का? त्याला जुन्या, समजूतदार बैलाच्या जोडीला देतो. आधी हलके काम, मग जड. कामाचा बैल बाजारातून तयार मिळतो असे नाही; तो गोठ्यात तयार करावा लागतो. भरवशाचा कामगारही असाच तयार करावा लागतो.

हे आपल्याकडे पूर्वी घडले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना काढला. तिथे लोखंडी नांगर करायला तयार कारागिरांची फौज कुठून असणार? आसपासच्या खेड्यांतलीच माणसे हाताशी घेऊन शिकवली, त्यांच्या राहण्याची सोय केली, आणि त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आजही त्यासाठी वाट आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली मुलाला कारखान्यात विद्यावेतनावर धंदा शिकता येतो. पण उमेदवार म्हणजे स्वस्तातला हेल्पर नव्हे, हे कारखानदाराने ध्यानात ठेवावे. त्याला एक जुना कामगार नेमून द्यावा. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तो काय शिकेल आणि त्याचा पगार किती वाढेल, हे पहिल्याच दिवशी सांगावे. पुढची पायरी दिसली, तर माणूस पहिल्या पायरीवर दम धरतो. चार कारखान्यांनी मिळून पाळीच्या वेळेला एक गाडी ठेवली, तर उशीर आणि दांड्या आपोआप कमी होतील.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपलाही यात वाटा आहे. नववी-दहावीच्या मुलांना एकदा फौंड्री दाखवून आणा. मिलिमीटरचे माप, साधा नकाशा, पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवा. ‘अभ्यास केला नाहीस तर कारखान्यात जाशील,’ असा धाक घालू नका. जे काम आपण शिक्षा म्हणून दाखवतो, त्यात मुलगा मन कसे घालील?

आणि आईबापांनो, अठरा वर्षे पुरी झाल्याखेरीज पोराला भट्टीवर धाडू नका. धाडण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पगार मालक देणार की ठेकेदार? भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मिळणार ना? शिकवणार कोण? डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क देणार का? वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर फुप्फुसे कायमची निकामी होतात. या प्रश्नांना सरळ उत्तर देणारा मालक भला समजा. मग मात्र पोरालाही बजावा: जत्रा असो की सुगी, रजा सांगून घ्यायची. न सांगता राहणे म्हणजे शेजारच्या गड्यावर आपले ओझे टाकणे.

फाटकावरची पाटी आणि पारावरचा बाप, दोघेही एकाच जिल्ह्यातले आहेत. मधले अंतर एस. टी. च्या दोन-अडीच तासांचे. ते तोडायला लागतो तो एकमेकांचा विश्वास, आणि नव्या गड्याला सांभाळून घेणारे पहिले तीन महिने.