सीलिअक रोग
सीलिअक रोग : गहू, सातू (जव) व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होऊन अन्नशोषणात बिघाड करणारा चिरकारी विकार. आनुवंशिक प्रवणता असलेल्या व्यक्तीत ग्लुटेनमुळे प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर आघात करते व अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे (रसांकुर) झिजून सपाट होतात. सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. गव्हाशी असलेला त्याचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडला.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात या रोगाशी निगडित प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण शेकडा १·२३, तर दक्षिणेत शेकडा ०·१० आढळले. आनुवंशिक प्रवणता दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. गव्हाच्या वापरात मात्र मोठी तफावत होती. वाशीम जिल्ह्याच्या (स्थापना १९९८) दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे. येथे पूर्वी ज्वारीची भाकरी हेच रोजचे अन्न असे. गहू मुख्यतः सणावाराला किंवा रोडग्यांच्या पंगतीला लागे. पुढे सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र व्यापले, स्वस्त धान्य दुकानांतून गहू मिळू लागला आणि पोळी नित्याची झाली. ‘हा गहू खाणाऱ्या मुलखाचा रोग’ हा समज त्यामुळे येथे दिशाभूल करणारा ठरतो.

लहान मुलांत जुनाट अतिसार, पोट फुगणे, वजन न वाढणे व उंची खुंटणे ही लक्षणे दिसतात. प्रौढांत अतिसार नसतोही. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पांडुरोग, थकवा, तोंड येणे, हाडे ठिसूळ होणे किंवा वंध्यत्व एवढेच चिन्ह असू शकते. जेथे पांडुरोग व कुपोषण सर्रास आढळतात, तेथे दोष अपुऱ्या आहारावर किंवा जंतांवर ढकलला जातो, तर जुनाट अतिसार ‘संग्रहणी’ या सर्वसमावेशक नावाखाली गणला जातो.

निदानासाठी रक्तातील ऊतक ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडांची परीक्षा करतात. ती आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांवर आधारित असल्याने रक्तातील एकूण आयजीएही मोजावे लागते. ते मुळातच कमी असल्यास परीक्षेचा निष्कर्ष फसवा येतो. त्यानंतर सामान्यतः अंतर्दर्शकाने आतड्याच्या आरंभीच्या भागाचे सूक्ष्म तुकडे काढून जीवोतक परीक्षा करतात. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याने काही महिने केवळ भाकरी खाल्लेल्या रुग्णाचे आतडे सुधारू लागते, प्रतिपिंडे घटतात आणि रोग असूनही तो नाही असे दिसते.

ग्लुटेनयुक्त अन्न आजन्म वर्ज्य करणे हाच उपचार होय. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका व डाळी चालतात. रवा, मैदा, शेवया व सातूचे पीठ चालत नाही. बाजारी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्या गिरणीत आधी गहू दळला, तीत दळलेले ज्वारीचे पीठही बाधते. म्हणून दळण घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या चक्कीवर करावे लागते. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत व आईवडिलांत या रोगाचे प्रमाण इतरांहून बरेच जास्त असल्याने, लक्षणे नसली तरी त्यांचीही रक्तपरीक्षा करून घेणे इष्ट असते.