खोबरेलाची बाटली आणि पाण्याचा थेंब

थंडी पडली की पुण्याहून माझ्या नणंदेचा फोन ठरलेला. "वैनी, तुम्ही पाठवलेलं तेल पांढरं फट्ट गोठलंय हो. यात मेणबिण घातलं नाही ना कुणी?" दरवर्षी मी तिला तेच सांगते. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं, तो त्याचा स्वभावच आहे. बाटली कोमट पाण्यात उभी करा, पाच-दहा मिनिटांत पातळ होईल. गोठलं म्हणून ते बिघडत नाही, पुन्हा पातळ केलं म्हणूनही बिघडत नाही. आमच्या सिंधुदुर्गात घाटाएवढी थंडी पडत नाही, आणि इथल्या बायकांना याचं काही वाटत नाही. घाटावर गेलेल्या लेकीबाळी मात्र चांगलं तेल संशयाने टाकून देतात, आणि खरोखर बिघडलेलं तेल "जरासा वास येतोय, चालतंय" म्हणून वापरत राहतात.

हे मी अधिकाराने सांगतेय, कारण बिघडलेलं तेल मी स्वतः विकलेलं आहे.

सन 2018 ची गोष्ट. आमच्या बचत गटाने नारळी पौर्णिमेनंतर पन्नास किलो खोबरं गोळा केलं. चतुर्थीला चाकरमानी गावी येतात, जाताना घरचं तेल न्यायला त्यांना आवडतं, म्हणून घाई. पण पावसाने ऊन काही दाखवलं नाही. वाट्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्या, पंख्याखाली पसरल्या. घाण्यावरच्या काकांनी एक वाटी हातात घेऊन वाकवली आणि म्हणाले, "वैनी, खोबरा अजून ओला आसा. चार दिवस थांबा." नीट वाळलेली वाटी कट्कन मोडते, आमची नुसती वाकत होती. आम्ही थांबलो नाही. त्यात भर म्हणजे बाटल्या मी आदल्या संध्याकाळी धुतल्या आणि सकाळी भरल्या. वरून कोरड्या दिसल्या, पण तळाशी पाण्याचे थेंब असणार.

अर्ध्या लिटरच्या साठ बाटल्या भरल्या. दिवाळीच्या आधी पहिली परत आली. आमच्याच गल्लीत लेक बाळंतपणाला आलेली, आजीने नातवाच्या अंगाला लावायला बाटली उघडली आणि वास घेऊन तशीच बंद करून माझ्या ओट्यावर आणून ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर एकतीस बाटल्या परत आल्या. सगळ्यांचे पैसे आम्ही गटाच्या बचतीतून फेडले. गटातल्या एकीने त्या पैशांवर मुलीची कॉलेजची फी धरली होती, तिला नंतर सोन्याची कुडी गहाण ठेवावी लागली.

मग मी जरा विचारपूस केली, वाचलं. खोबरेल तेल तसं टिकाऊ. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलाला हवा लागली की ती जितक्या लवकर खवटतात, तितकं हे खवटत नाही. याचा खरा वैरी पाणी. ओलावा राहिला की तेलाची फोड होते आणि त्यातून आम्लं सुटी होतात. जिभेवर लागणारी ती साबणासारखी चव त्याचीच. खोबरेलापासून साबण बनतो, तेव्हा नवल नाही.

आता ओळखायचं कसं? पहिलं नाक. थेंबभर तेल तळहातावर घेऊन चोळा, हात गरम झाला की मग हुंगा. थंड बाटलीला नाक लावून काही कळत नाही. ताज्या तेलाला खोबऱ्याचा गोडसर वास येतो, बिघडलेल्याला कुबट नाहीतर जुन्या रंगासारखा उग्र. मग जीभ: कडवट, साबणासारखं लागलं किंवा घशाला खवखवलं तर ते तेल गेलं. पाणी आहे का बघायचं तर चमचाभर तेल कढल्यात गरम करा, तडतडलं की समजा. आमच्या सासूबाईंची परीक्षा याहून सोपी. त्या देव्हाऱ्यातल्या दिव्याचं ऐकायच्या. वात तडतडायला लागली की स्वयंपाकघरातून हाक यायची, "तेलात पाणी कुणी पाडलं गो?"

तळाशी तपकिरी साका बसला तर ते तेल गाळून दुसऱ्या भांड्यात काढा. ओल्या नारळाचं दूध आटवून काढलेल्या आवेलात तर हे हमखास होतं. आवेल नीट कढलं नाही की पाणी आणि चोथा मागे राहतो, म्हणून ते थोडंथोडंच करावं आणि लवकर संपवावं.

बुरशीबद्दल मात्र मी कडक आहे. हिरवट-काळी बुरशी आलेली वाटी पुसून, उन्हात घालून घाण्यावर नेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. बुरशीचं विष पुसून जात नाही, आपल्या कढवण्यानेही जात नाही. ते तेलात उतरतं आणि पेंडीतही राहतं, ती पेंड गाईला घातली तर दुधात येतं. अशी वाटी सरळ टाकायची.

साठवणीत विशेष काही नाही. काचेची किंवा स्टीलची बरणी, तोंडापर्यंत भरलेली, झाकण घट्ट, कपाटात अंधारात. गॅसच्या ओट्यावर किंवा खिडकीत नको. तांब्या-पितळेचं भांडं कितीही शोभिवंत असो, तेलाला नको, त्याने तेल लवकर खवटतं. रोजच्यासाठी लहान बाटली काढून घ्या, म्हणजे न्हाऊन आलेली ओली बोटं मोठ्या बरणीत जाणार नाहीत. आणि जुन्या तेलावर नवीन ओतू नका! तळाचा चमचाभर खवटपणा वरच्या लिटरभराला लागतो. बरणी रिकामी करायची, धुवायची, दिवसभर उन्हात उपडी घालायची, मगच भरायची. ही सवय मला साठ बाटल्यांनी लावली.

2025 मध्ये खोबऱ्याचे आणि तेलाचे भाव असे चढले की तेल टाकून द्यायला कुणाचाच हात होईना. महाग तेलात भेसळही आली. त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेली युक्ती घरी करता येते. काचेच्या पेल्यात तेल घेऊन अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नव्हे. खोबरेल गोठतं, मिसळलेलं दुसरं तेल वेगळ्या थराने पातळ राहतं. एवढं मात्र ध्यानात असू द्या की यातून भेसळ कळते, खवटपणा नाही. शुद्ध तेलही खवटतं, आमचं शुद्धच होतं.

परत आलेल्या त्या बाटल्यांचं काय केलं, असं परवा एका मैत्रिणीने विचारलं. स्वयंपाकाला आणि अंगाला लावायला कुणालाही दिलं नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला ते तेल देवळाच्या दीपमाळेला दिलं. सगळ्या पणत्या तडतडत होत्या, आणि घाण्यावरचे काका खाली उभे राहून माझ्याकडे बघत होते.